देवीचा विडा

त्या सकाळी देवळात आबा गाऱ्हाण्याचं पहिलं वाक्य बोलून थांबले, आणि मागून 'व्हय म्हाराजा' आलंच नाही.

तुम्ही आमच्या बाजूचे नसाल तर आधी हे सांगायला हवं. आमच्याकडे गावाच्या वतीने देवाशी बोलायचं ते ज्याच्या घराण्याचा मान त्यानेच. कोणाची म्हैस हरवली, कोणाला मूल होत नाही, कोणाचा झील, म्हणजे मुलगा, मुंबईला जाऊन पत्र टाकत नाही, सगळं तो एकटा देवीच्या कानावर घालतो. प्रत्येक वाक्य संपलं की मागे उभा असलेला गाव एका सुरात म्हणतो, 'व्हय म्हाराजा'. व्हाळवाडीच्या सातेरी देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आम्हा घाड्यांचा. आबा, म्हणजे माझे वडील सगुण घाडी, गाऱ्हाण्याला उभे राहिले की व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या पोफळीच्या बागेत काम करणारी माणसंही हातातलं काम टाकून हात जोडायची. उगाच मोठेपणा सांगत नाही, असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

दसरा होता. मी वीस वर्षांची, बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभी. शेजारी तारा काकी, आबांच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको, डोक्यावर पदर आणि हातात विड्यांचं ताट. आई मी सात वर्षांची असतानाच गेली, त्यामुळे घरात बाई म्हणाल तर काकीच. आबा नारळ धरून देवीच्या पाषाणासमोर बोलत होते. ओठ हलत होते, दात मात्र जागचे हलत नव्हते. बंद दाराआडून कोणी बोलावं तसा तो आवाज. शब्द कुठे सुरू झाला, कुठे संपला, काही कळेना.

भिवा परब म्हणजे गावचा मुख्य मानकरी. तो पुढे झाला. "सगुणदा, काय बोललंस? परत बोल."

आबा परत बोलले. तसंच. एक पोर फिदीफिदी हसलं, त्याच्या आईने त्याला एक ठेवून दिली. मग भिवानेच 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि लोकांनी मागून कसंबसं ओढलं. आबांच्या मानेवरून घामाची धार निघाली होती. देवळाबाहेर आल्यावर चपला शोधता शोधता एक म्हातारी म्हणालीच, "देवयेन तेचा तोंड बांधल्यान. कायतरी खोटा बोललो असतलो."

काकीने ते ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी चप्पल शोधत राहिले.

हे एका दिवसात झालं नव्हतं. दोन वर्षं आधी आबांना तिखट झोंबू लागलं. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण घास तोंडात घेतला की डोळ्यांत पाणी यायचं आणि ते ताट सारायचे. मग जीभ बाहेर येईना. बशीतला चहा फुंकायला गेले तर गाल फुगेनात. कुत्र्याला शीळ घालायची सवय, तर शीळही गेली. नावाने हाक मारली की मोत्या यायचा, पण अंगणाच्या कडेला थांबून आबांच्या तोंडाकडे बघत गुरगुरायचा. ज्या माणसाच्या हातचं तो सात वर्षं खात होता, त्याच्यावर. एकदा दुपारी मी बागेतून आले तर आबा आरशासमोर उभे. दोन्ही हातांनी जबडा धरून तो ओढत होते, आणि घशातून एक आवाज येत होता. मी पाय न वाजवता तशीच मागे फिरले.

दसऱ्यानंतर गाव बसला. भिवा परबाने तोडगा काढला. एकवीस दिवस, रोज एका घराच्या नावाने देवीला विडा. गाऱ्हाणं घालणाऱ्याने तो तिथेच, गावासमोर, प्रसाद म्हणून खायचा. देवीचा राग उतरला की तोंड आपोआप सुटेल.

कोणालाही काही गैर वाटलं नाही. मलाही नाही. विडा हा घाड्याचा मानच, आबा आयुष्यभर खात आले होते. पान नावाला, आत सुपारीच जास्त, आमच्याच बागेतली. ती कातरायचं काम काकीचं. दिवस उजाडला की ती पडवीत बसायची, मांडीवर सुपारीचं टोपलं, हातात आडकित्ता. कटर, कटर, कटर. ती मान वर करायची नाही. आबांशी ती कधी थेट बोलत नसे, थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती. मला मध्ये घालून बोलायची, "बाय, तुझ्या बापाशीक सांग, विडे झाले."

देवळातून येताना आबा माझ्या तळहातावर सुपारीची अर्धी फोड ठेवायचे. ही आमची जुनी सवय. "खा बाय. देवीचा आसा." मी खायची.

एकवीस दिवस झाले. तोंड सुटलं नाही, उलट आणखी मिटलं. पहिल्या दिवशी आबा विडा अख्खा आत सारायचे, शेवटच्या दिवशी त्याचे चार तुकडे करून दातांच्या फटीतून एकेक ढकलत होते. गाव हात जोडून बघत होता. विडा संपेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. त्या देवळात मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि देवीची नव्हे, माणसांची.

त्यानंतरच्या आठवड्यात आबांची दाढ ठणकायला लागली. दोन रात्री ते भिंतीला डोकं टेकून बसून होते. तिसऱ्या सकाळी काकी म्हणाली, "बाय, तुझ्या बापाशीक सांग, सावंतवाडीक दातांची डाक्टरीण इली हा. देवयेन तोंड बांधल्यान, दाढ काय देवयेन बांधूक नाय."

नाहीतर आबा कधी गेले नसते. दाढ दुखते म्हणून गेले, सोबत मी आणि काकी.

डॉक्टर वालावलकर तिशीची बाई होती, बारीक चणीची, बोलायला थेट. तिने आबांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आ करा, काका."

आबांनी केला.

"आणखी."

"तेवढाच उघडता," मी म्हटलं.

तिने हातातलं हत्यार खाली ठेवलं. आपली मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून स्वतःच्या दातांमध्ये घालून दाखवली. "चांगल्या तोंडात अशी तीन जायला हवीत. स्वतःचीच बोटं घालून बघा." आबांचं एक बोट नखापर्यंत गेलं आणि अडकलं. मग तिने बारीक आरसा घालून गाल बाजूला ओढायचा प्रयत्न केला. गाल ओढला जाईना. बॅटरीच्या उजेडात मला आतलं दिसलं. माणसाचं तोंड आतून लाल असतं. आबांचं पांढरंफटक होतं, चुना फासल्यासारखं.

"सुपारी किती खाता?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती देवीची असता. मानाची."

"देवीची असो, नाहीतर पानपट्टीवरची. दिवसाला किती?"

मी सांगितलं. एकवीस दिवसांचंही सांगितलं. बाई माझ्याकडे बघतच राहिली. "तोंड मिटतंय म्हणून तुम्ही त्यांना आणखी सुपारी दिलीत?"

"देवीन बांधल्यान," आबा दातांतून म्हणाले. तिला समजलं नाही, मी परत सांगितलं.

"काका, सुपारीने बांधलंय." ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. "सुपारीचा रस वर्षानुवर्षं गालात मुरला की आतलं मऊ कातडं ताठ होत जातं. त्यात दोरे तयार होतात. इथे बोट लावा, बाहेरूनही लागतील. आधी तिखट सोसत नाही, मग जीभ बाहेर येत नाही, मग जबडाच उघडत नाही. झालेले दोरे परत जात नाहीत. सुपारी आज, आत्ता सोडलीत तर आहे ते राखता येईल. गालात इंजेक्शनं देऊ, रोज दातांमध्ये लाकडी पट्ट्या घालून व्यायाम करायचा, हळूहळू थोडं सुटेल."

"सुपारी देवीचीच मां?" आबा म्हणाले. हे तिला समजलं. 

पुन्हा आरसा घालून ती डाव्या गालाच्या मागच्या बाजूला बराच वेळ बघत राहिली. "ही जखम कधीची आहे?"

आबांनी खांदे उडवले.

"दाढेचं नंतर बघू. हिचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवते. अशा तोंडात कॅन्सर उद्भवू शकतो. असेलच असं नाही, पण बघायला हवं." मग तिने आम्हा दोघींकडे मोर्चा वळवला. "घरात आणखी कोण खातं?"

काकी भिंतीला चिकटून उभी होती. तिला आधी खुर्चीत बसवलं. काकीने पदर सावरला आणि तोंड उघडलं. मी इतकी वर्षं तिच्याजवळ निजले, पण तिचं तोंड एवढं उघडलेलं कधी बघितलं नव्हतं. तीन बोटं अलगद आत गेली. आत सगळं लालचुटूक, दात पांढरे स्वच्छ.

"तुम्ही कधीच नाही खाल्ली? रोज तुम्हीच कातरता ना?"

"विधवेन विडो खाऊचो नसता," काकी म्हणाली.

डॉक्टरीणबाईने आरसा धुऊन घेतला. मग मला म्हणाली, "आता तू."

"माका काय झाला? मी बरी आसंय."

"बस तर खरी."

मी बसले. हसतच बसले. पहिलं बोट गेलं, दुसरं गेलं, तिसरं दातांवर आपटलं. मी जोर लावला तर गालाच्या आत चरचरलं. परत लावला. हसू कुठल्या कुठे पळालं.

"तिखट झोंबतं?"

झोंबत होतं. चार महिने झोंबत होतं, आणि मी रोज काकीशी भांडत होते की तू मिरच्या जास्त घालतेस.

"किती वर्षं खातेस?"

"आठ."

"म्हणजे बाराव्या वर्षापासून? बारा वर्षांच्या पोरीला सुपारी दिली कोणी?"

मी आबांकडे बघितलं. आबा जमिनीकडे बघत होते. आणि काकी, जी भिंतीला चिकटून उभी होती, ती भिंत सोडून पुढे आली.

"आठ वर्षां?" ती म्हणाली. "बाय, त्या दिसापासून? तू ताट धरून हुतंस त्या दिसापासून?"

आता हे सांगायलाच हवं. आठ वर्षं मी मूग गिळून बसले होते.

काका गेले तेव्हा काकी पंचविशीची. वर्षाने तिला मागणी आली. वेंगुर्ल्याचे मधू केरकर, एसटीत ड्रायव्हर, बायको गेलेली, माणूस सज्जन. काकीला पसंत होते. मला ठाऊक आहे, कारण त्या पंधरवड्यात ती सुपारी कातरताना गुणगुणायची. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, पण देवीला विचारून. देवीच्या ओल्या पाषाणावर दोन बाजूंना फुलांचे दोन कळे चिकटवायचे. उजवा आधी सुटला तर देवीचा होकार, डावा सुटला तर नकार. हा कौल लावणारे आबा. गाव चार हात मागे. जवळ फक्त मी, ताट धरून.

उजवा पडला. आबांची पाठ गावाकडे होती. पडता पडता त्यांनी तो मुठीत झेलला, दुसऱ्या हाताने डावा हलकेच पाडला, आणि वळून म्हणाले, "डावो पडलो. देवी नको म्हणता." त्या आवाजात म्हणाले. अख्खा गाव म्हणाला, 'व्हय म्हाराजा'.

मी आबांकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग देवीपुढच्या पानावरची सुपारी उचलली, दातांनी तिचे दोन तुकडे केले आणि अर्धी माझ्या तोंडात घातली. "खा बाय. खा नि गप रव."

अळीमिळी गुपचिळी. आणि खरं सांगू? मी काही फक्त भिऊन गप्प बसले नाही. काकी गेली असती तर मला वेणी कोणी घातली असती, रात्री कुशीत कोणी घेतलं असतं? मला काकी हवी होती. म्हणून मी ती सुपारी चावली, गिळली आणि दुसऱ्या दिवशी परत हात पुढे केला.

त्या दवाखान्यात, खुर्चीत बसल्या बसल्या, मी म्हटलं, "उजवो पडललो, काकी."

 काकीचे हात आडकित्ता धरल्यासारखे हलत होते, हातात काही नव्हतं. आबांनी मान वर केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिका कोण सांभाळतला हुता?" त्या बंद दातांतून ते इतकंच म्हणाले, आणि रडायला लागले. तोंड न उघडता माणूस रडतो तेव्हा कसा आवाज येतो ते मी सांगणार नाही.

डॉक्टरीणबाई कागदावर औषधं लिहीत राहिली.

मी त्या दिवसापासून सुपारीला हात लावला नाही. गालात इंजेक्शनं घेतली, दातांमध्ये लाकडी पट्ट्या कोंबून रोज सकाळी बसले. आज मी पन्नाशी ओलांडली, अजून बसते. अडीच बोटांपर्यंत आले, पुढे नाही. वर्षातून दोनदा तोंड दाखवून येते. काकी होती तोवर रोज पट्ट्या तीच मोजायची, "उघड बाय, आणखी एक जाता काय बघूया." ती मला सोडून गेली नाही. केरकरांनी तोवर दुसरं लग्न केलं होतं, त्यांना दोन पोरं होती. जायला जागा कुठे उरली होती?

आबांच्या तुकड्याचा कागद बारा दिवसांनी आला. कॅन्सरच होता. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात गालाचा भाग कापायचं ठरलं. नंतर बोलता येईल की नाही, कोणी नक्की सांगेना. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आबांनी मला बोलावलं. "भिवाक सांग. माका एक गाऱ्हाणा घालूचा आसा."

गाव जमला. दसऱ्याला झाली तशी देवीसमोर पुन्हा शोभा नको, म्हणून भिवाने आधीच ठरवून ठेवलं होतं. आबा जरा थांबले की तो हात वर करणार आणि सगळ्यांनी म्हणायचं. शब्द कळोत न कळोत.

आबा पाषाणासमोर उभे राहिले. नारळ खाली ठेवला. ते बोलू लागले. तो आवाज कोणाला कळत नव्हता, आम्हा दोघींना सोडून. आम्ही दोन वर्षं घरात तोच ऐकत होतो.

"बा देवी सातेरी," आबा म्हणत होते, "आठ वर्षांमागे तुझो कौल लावलंय. उजवो पडलो. मी तो मुठीत धरलंय."

भिवाने हात वर केला. गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"गावाक डावो पडलो म्हणान सांगलंय. खोटा सांगलंय."

"व्हय म्हाराजा!"

"ताराचा आयुष्य मी माझ्या सोयीक बांधलंय. पोरीचा तोंड सुपारेन बांधलंय."

"व्हय म्हाराजा!" लोक जोरात, खणखणीत म्हणत होते. भिवाने ठरवून दिलेलं बरोबर चाललं म्हणून सगळे खुशीत होते.  एक माणूस आपलं पाप देवीसमोर ओतत होता आणि त्याचा गाव, त्याची आपली माणसं, काही न कळता हसऱ्या चेहऱ्याने माना डोलावत होती. आबांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना समजलं, कोणालाच समजलं नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणखी जोराने, आणि ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताचा थेंब आला.

काकीने हातातलं विड्याचं ताट माझ्याकडे दिलं. बायकांच्या बाजूचा लाकडी कठडा ओलांडून ती सरळ आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाईने तिथे जायची रीत नाही, विधवेने तर नाहीच. भिवा "गो, गो, खय चललंस?" म्हणेपर्यंत तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला होता.

"बा देवी सातेरी!" काकी म्हणाली. घाड्याच्या घरात पंधरा वर्षं ऐकलेला सूर तिच्या गळ्यात बसला होता, आणि तोंड पुरतं उघडं होतं. तो आवाज थेट व्हाळापलीकडे गेला असणार. "सगुण घाडी तुका सांगता, आठ वर्षांमागे माझ्या पाटासाठी तुझो कौल लावलो. उजवो पडलो. तेणी तो मुठीत धरल्यान आणि गावाक डावो सांगल्यान!"

भिवाचा हात वर गेला नाही. देवळात पन्नास माणसं होती, एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. बाहेर पोफळीवर कुठलासा पक्षी ओरडला तेवढाच.

काकी आबांकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा, मला मध्ये न घालता.

"बरोबर सांगलंय मां, भावजी?"

आबांनी हात जोडले. ओठ ताणले, मिटलेले दात किंचित विलगले.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. ते मात्र सगळ्यांना कळलं.